चाळीस वर्षांत दोन तास

सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या माणसाला 'नाइन्स'चा हिशोब तोंडपाठ असतो. ९९.९ टक्के अपटाइम म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ९९.९९ म्हणजे साधारण ५२ मिनिटं. आणि सेल्सवाल्यांचे लाडके 'फाइव्ह नाइन्स', म्हणजे ९९.९९९, म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वापाच मिनिटं. क्लायंटच्या मीटिंगमध्ये हा आकडा कोणीतरी बेधडक बोलून जातं, आणि मग ते निभवायचं कसं याचा विचार आपण शनिवार-रविवारी बसून करतो.

पण मंडळी, हे वेड आलं कुठून? इतकी कडक अट पहिल्यांदा कोणी घातली? बँकांनी नाही, विमान कंपन्यांनी नाही, आणि गूगलनं तर मुळीच नाही. ती घातली टेलिफोनवाल्यांनी, आणि तीही टक्क्यांत नाही, साध्या भाषेत. अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या इंजिनिअरांनी १९६० च्या दशकात आपल्या नव्या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजसाठी लिहून ठेवलं होतं: चाळीस वर्षांत एकूण दोन तास बंद. बस्स. भागाकार करून बघा, वर्षाला तीन मिनिटं होतात. फाइव्ह नाइन्सपेक्षाही थोडं कडकच. आणि त्यात 'रविवारी पहाटे दोन ते सहा शेड्यूल्ड मेंटेनन्स' अशी पळवाट नाही. रविवारी पहाटे कोणाला हार्ट अटॅक येणार नाही, असं थोडंच आहे?

गंमत अशी की त्या काळातला कॉम्प्युटर काही तास सलग चालला तरी लोक खूश असायचे. मग असल्या यंत्राच्या हाती गावाचे टेलिफोन द्यायची हिंमत करायची कशी? हा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

आधी जुनी एक्स्चेंज कशी होती ते बघू. ऑटोमॅटिक एक्स्चेंजचं पेटंट १८९१ साली मिळालं ते अ‍ॅल्मन स्ट्रोजर नावाच्या, अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या एका माणसाला. (ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता म्हणे. स्वार्थातून शोध लागतात ते असे.) त्यानंतर सत्तर वर्षं जगभरची एक्स्चेंज म्हणजे रिले, दांडे आणि फिरणाऱ्या स्विचांचा खडखडाट. हजारो सुटे भाग, आणि रोज त्यातलं काही ना काही बिघडायचं. पण बिघडायचं ते तुकड्यातुकड्यानं. एक स्विच अडकला तर एक कॉल लागला नाही. लोक पुन्हा डायल करायचे, तो दुसऱ्या स्विचवरून जायचा. कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

कॉम्प्युटरनं हीच सोय काढून घेतली. एका प्रोसेसरकडे सगळ्या गावाचा कारभार दिला की तो प्रोसेसर मेला म्हणजे गाव मेलं. म्हणजे अमुक भाग किती वेळा बिघडतो हा प्रश्नच उरला नाही. तो बिघडला की *काय काय* घेऊन बुडतो हा प्रश्न आला. आज आपण याला 'ब्लास्ट रेडियस' असं भारदस्त नाव देतो. बेल लॅब्जच्या लोकांना ते नाव ठाऊक नव्हतं, पण भीती पक्की ठाऊक होती.

१९६० साली इलिनॉय राज्यात मॉरिस या छोट्या गावी त्यांनी प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज लावलं. त्यातून शिकून ३० मे १९६५ रोजी न्यू जर्सीतल्या सकासना इथं 'नंबर वन ईएसएस' सुरू झालं. बाजारात उतरलेलं हे बेलचं पहिलं कॉम्प्युटरचलित एक्स्चेंज. आणि याचं आतलं डिझाइन आजही एखाद्या जाणत्या माणसानं शांतपणे वाचावं असं आहे.

त्यात एक सोडून दोन प्रोसेसर. दोघांना तोच इनपुट, दोघं पावलाला पाऊल लावून तोच प्रोग्रॅम चालवतात, आणि त्यांची उत्तरं सतत एकमेकांशी ताडून बघितली जातात. जुळलं नाही की समजायचं, दोघांपैकी एकाचं डोकं फिरलंय. पण कोणाचं? इथं खरी मेख आहे. दोन घड्याळं वेगळी वेळ दाखवायला लागली तर बरोबर कुठलं, हे घड्याळांकडे बघून कळत नाही. मग लगेच तपासणीचा प्रोग्रॅम चालू होतो, आजारी प्रोसेसर शोधून त्याला बाजूला काढतो आणि दुसरा एकटा काम पुढे नेतो. आणि तपासणी करणाराच ठार वेडा झाला असेल तर? त्याचीही सोय होती. सॉफ्टवेअरवर अजिबात न विसंबणारं एक वेगळं सर्किट. ते प्रोसेसर, मेमरी आणि त्यांना जोडणाऱ्या तारा यांच्या निरनिराळ्या जोड्या लावून बघायचं, जोवर एखादी शहाणी जोडी सापडत नाही तोवर. पत्त्यांचा डाव पुन्हा पुन्हा पिसावा तसं.

प्रोग्रॅमसुद्धा साध्या मेमरीत नव्हता. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांवर चिकटवलेले बारीक लोहचुंबक, हा त्यांचा प्रोग्रॅम स्टोअर. बदल करायचा तर पत्रे बाहेर काढून पुन्हा मॅग्नेटाइज करायचे. 'चला, पटकन एक पॅच टाकतो' हा प्रकारच नाही. आपल्याला हे हास्यास्पद वाटेल. पण चालता प्रोग्रॅम स्वतःलाच कुरतडून टाकू शकणार नाही याची ती लोखंडी हमी होती.

कॉलची जी माहिती बदलत राहते ती मात्र बदलत्या मेमरीत ठेवावीच लागते, आणि ती हळूहळू नासते. म्हणजे एखादी ट्रंक लाइन 'बिझी' म्हणून नोंदलेली, पण तिच्यावर कोणीच बोलत नाहीये, असं. यासाठी 'ऑडिट' नावाचे प्रोग्रॅम सतत मागे चालत असत. नोंदी एकमेकींशी ताडायच्या, विसंगत सापडली की ती पुसून टाकायची. त्यात एखाद्याचा कॉल तुटला तर तुटला. इथं टेलिफोनवाल्यांचा आणि बँकवाल्यांचा स्वभाव वेगळा पडतो. बँकेला एकही व्यवहार हरवून चालत नाही, थोडं थांबलं तरी चालतं. टेलिफोनला एखादा कॉल हरवला तरी चालतो, थांबून अजिबात चालत नाही. आपण आज सगळीच सॉफ्टवेअर एकाच साच्यात बसवायला बघतो तेव्हा हा फरक विसरतो, असं माझं मत.

अजून एक भानगड होती. आपत्तीच्या वेळी, किंवा सणाच्या दिवशी, सगळं गाव एकदम फोन उचलतं. कॉम्प्युटर नवे कॉल घेण्यातच इतका गुंततो की हातातले कॉल पूर्ण करायला त्याला वेळच उरत नाही. शेवटी एकही कॉल लागत नाही. यावर उपाय काढला एर्ना श्नायडर हूवर या बाईंनी. त्या १९५४ साली बेल लॅब्जमध्ये आल्या होत्या. दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर हॉस्पिटलमध्ये असताना त्यांनी या कल्पनेचं पहिलं रेखाटन केलं. कल्पना अशी की एक्स्चेंजनं स्वतःवरचा ताण सतत मोजत राहायचं आणि ताण वाढला की नवे कॉल घेण्याचा वेग कमी करायचा. डायल टोन उशिरा मिळेल, पण ज्याला मिळाला त्याचा कॉल लागेल. १९७१ साली त्यांना याचं पेटंट मिळालं. सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या पेटंटांत त्याची गणना होते. हूवरबाईंची ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

इतकं सगळं करून हाती काय आलं? याचा एक विलक्षण हिशोब १९७८ साली बेल लॅब्जच्याच डब्ल्यू. एन. टॉय यांनी छापला. एक्स्चेंज बंद राहण्याच्या वेळेपैकी हार्डवेअर बिघाडाचा वाटा होता साधारण २० टक्के. सॉफ्टवेअरमधल्या चुकांचा १५ टक्के. माणसांच्या हातून चुकीचं काही झालं त्याचा ३० टक्के. आणि सर्वांत मोठा वाटा, ३५ टक्के, हा बिघाडातून सावरणारी यंत्रणाच नीट न चालल्याचा! म्हणजे डॉक्टरच्या हातूनच पेशंट दगावण्याचं प्रमाण रोगापेक्षा जास्त. ही आकडेवारी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा आमच्या टीमच्या फेलओव्हर स्क्रिप्टा डोळ्यांसमोर तरळून गेल्या. असो.

आता जरा डबा आणि इमारतीकडे वळू, कारण टेलिफोनच्या सर्व्हरचं वेगळेपण निम्मं तिथं आहे.

टेलिफोन एक्स्चेंज चालतं ४८ व्होल्ट डीसीवर, आणि तेही उणे ४८. धन टोक जमिनीला जोडलेलं. का? तर जमिनीखालच्या तांब्याच्या तारा ओलाव्यात गंजून जाऊ नयेत म्हणून. तार जमिनीच्या तुलनेत ऋण राहिली की तांबं विरघळून जाण्याचा प्रकार टळतो. व्होल्टेज इतकं की दूरवर पोहोचावं, पण हात लागला तर माणूस दगावू नये. (रिंग वाजते त्या वेळी मात्र तारेवर नव्वदच्या आसपास व्होल्ट एसी येतात. लहानपणी ज्यांनी फोनचा डबा उघडून नसते उद्योग केलेत त्यांना अनुभव असेल.) बाहेरची वीज येते ती आधी बॅटऱ्यांना चार्ज करते, आणि एक्स्चेंज कायम त्या बॅटऱ्यांच्याच समांतर चालतं. त्यामुळे वीज गेल्यावर 'स्विचओव्हर' असं काही होतच नाही. बॅटरी आधीपासूनच जोडलेली असते. जे घडतच नाही ते बिघडणार कसं?

महाराष्ट्रातल्या लोडशेडिंगच्या वर्षांत पंखा, टीव्ही, मिक्सर सगळं बंद असताना घरातला तो काळा नाहीतर लाल फोन मात्र वाजायचा, आठवतंय? तो फोन आपल्या घरच्या विजेवर चालतच नव्हता. एक्स्चेंजच्या तळघरातल्या बॅटऱ्यांवर चालत होता. आपण कधी विचारलंच नाही की हा कसा काय चालू राहतो. याहून मोठं सर्टिफिकेट इंजिनिअरला कोण देणार?

पण इमारतीला आग लागली तर? २७ फेब्रुवारी १९७५ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये सेकंड अव्हेन्यूवरच्या एक्स्चेंजच्या केबलच्या तळघरात आग लागली. मॅनहॅटनच्या मोठ्या भागातले पावणेदोन लाखांच्या आसपास फोन मुके झाले, आणि हजारो माणसं रात्रंदिवस लावून सेवा परत आणायला २३ दिवस लागले. केबलवरचं पीव्हीसी जळून जो विषारी धूर झाला त्याचा त्रास आग विझवणाऱ्या जवानांना पुढे वर्षानुवर्षं झाला. मग ८ मे १९८८, अमेरिकेतला मदर्स डे. शिकागोजवळच्या हिन्सडेल इथल्या एक्स्चेंजला आग लागली. इमारतीत त्या वेळी एकही माणूस नव्हता. ३५ हजारांवर घरं-ऑफिसांचे फोन गेले, आणि हे एक्स्चेंज पुढच्या अनेक एक्स्चेंजांना जोडणारं नाकं असल्यानं शिकागोच्या ओहेअर विमानतळाच्या कारभारापर्यंत त्याची झळ पोहोचली. त्या भागातून इमर्जन्सी नंबरही लागेनासा झाला. पूर्ववत व्हायला आठवडे गेले.

आतलं प्रत्येक कार्ड दुहेरी असून काय उपयोग, दोन्ही कार्डं एकाच खोलीत जळत असतील तर?

अशा अनुभवांतून जे नियम पक्के होत गेले त्यांना 'नेब्स' म्हणतात. मुळात १९७० च्या दशकात बेल लॅब्जनं ते आपल्या इमारतींत बसणाऱ्या सामानासाठी केले. १९८४ साली सरकारनं बेल कंपनीचे तुकडे पाडल्यावर ते बेलकोर या संस्थेकडे आले. नियम वाचताना करमणूक होते आणि आदरही वाटतो. यंत्र रोज ५ ते ४० अंश तापमानात चाललं पाहिजे. पण एक्स्चेंजचा एसी बंद पडला तर? तर उणे ५ ते ५० अंशांतही चाललं पाहिजे, सलग ९६ तास. हे ९६ तास म्हणजे लाँग वीकेंडला एसी बिघडला आणि मेकॅनिक मंगळवारी आला, असा हिशोब असणार असं मला नेहमी वाटतं. सात फुटी रॅक भूकंपाच्या टेबलावर बोल्टनं घट्ट बसवून गदागदा हलवायचा. त्याचं डोकं ७५ मिलिमीटरहून जास्त झुकता कामा नये, आणि हलत असताना आतलं काम चालूच राहिलं पाहिजे. मग यंत्राच्या आत गॅसचा बर्नर घालून मुद्दाम आग लावायची. ती पसरता कामा नये, आपोआप विझली पाहिजे. वीज पडल्यासारखे झटके द्यायचे, फोनच्या तारेवर मेन लाइनची वीज पडली असं समजून तेही द्यायचं. धूळ, दमट हवा, आवाज, सगळ्याची परीक्षा. पुढे याच्या तीन पायऱ्या केल्या. पहिली पायरी म्हणजे 'तू मेलास तरी चालेल, शेजाऱ्याला घेऊन मरू नकोस', आणि तिसरी म्हणजे 'काहीही झालं तरी चालू राहा'.

तिकडे हे चाललं असताना आपल्याकडे काय होतं? १९८० च्या दशकात आपण फ्रान्सकडून डिजिटल एक्स्चेंजचं तंत्रज्ञान घेतलं आणि उत्तर प्रदेशात मनकापूरला कारखाना काढला. मोठ्या शहरांसाठी ते ठीक होतं. पण ही परदेशी एक्स्चेंज म्हणजे लाडावलेली बाळं. थंडगार खोली हवी, धूळ नको, वीज अखंड हवी. हे खेड्यात कुठून आणणार?

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण तिथं मुंबईच्या टीआयएफआरमधून आलेले एम. व्ही. पिटके आणि टेलिकॉम खात्याच्या संशोधन विभागातून आलेले जी. बी. मीमांसी ही माणसंही पाया घालणारी होती. त्यांची नावं आपल्या पिढीला ठाऊक नाहीत ही खेदाची गोष्ट. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये असं ते गणित होतं. त्यातून १२८ पोर्टांचं ग्रामीण एक्स्चेंज, 'रॅक्स', तयार झालं. त्याला एसी लागत नव्हता, हेच त्याचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य. कमी वीज खाणारी चिप वापरायची, कार्डांमध्ये हवा खेळती राहील अशी रचना करायची, आणि गरम हवा वर जाते या शाळेतल्या नियमावर भरवसा ठेवायचा. पंखाच नाही, म्हणजे पंखा बंद पडण्याची भीती नाही. १९८६ साली असं पहिलं एक्स्चेंज बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला लागलं, राणी चेन्नम्माच्या गावी. पुढे ही एक्स्चेंज हजारोंच्या संख्येनं देशभर गेली. आणि गावोगावी जे पिवळे एसटीडी-पीसीओ बूथ उभे राहिले त्यांतले कित्येक या रॅक्सच्या पाठबळावर.

नेब्स आणि रॅक्स यांच्याकडे एकत्र बघितलं तर मजा वाटते. अमेरिकनांनी विचारलं, एसी बंद पडला तर यंत्र किती तास टिकेल? आपल्या लोकांनी विचारलं, एसी नसेलच तर? माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत हे उदाहरण शिकवत नाहीत याचं आश्चर्य वाटतं.

आता १५ जानेवारी १९९०. सोमवार, दुपारचे अडीच वाजत आलेले. एटी अँड टी कंपनीच्या लांब पल्ल्याच्या नेटवर्कमध्ये ११४ '४ईएसएस' स्विच होते. दुहेरी प्रोसेसर, ऑडिट, सगळा बेल घराण्याचा संस्कार. महिनाभर आधी, डिसेंबरात, त्यांत नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं. कशासाठी? तर बिघाडानंतर स्विच लवकर सावरावा म्हणून. (टॉय साहेबांचे ३५ टक्के आठवा.)

न्यूयॉर्कच्या एका स्विचला किरकोळ बिघाड जाणवला. त्यानं नियमाप्रमाणे शेजाऱ्यांना कळवलं, 'मी जरा बंद आहे', आणि चार-सहा सेकंदांत रीसेट होऊन परत आला. परत आल्यावर त्यानं कॉलचे निरोप पाठवायला सुरुवात केली. नव्या सॉफ्टवेअरमध्ये 'मी आलो' असा वेगळा निरोप नव्हता, कॉलचा निरोप आला म्हणजे तो आला असं समजायचं. शेजारी आपल्या वहीत ती नोंद करत असतानाच, सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आत, दुसरा निरोप आला तर? तर सी भाषेतली एक चूक जागी व्हायची. 'स्विच' स्टेटमेंटच्या आत एक 'इफ', आणि त्याच्या आत एक 'ब्रेक'. लिहिणाऱ्याला वाटलं आपण इफमधून बाहेर पडतोय. सी भाषेत ब्रेक इफमधून बाहेर काढत नाही, तो थेट स्विचच्या बाहेर नेऊन टाकतो. मग पुढचा डेटा नको तिथं लिहिला जायचा.

शेजारी स्विचनं इमानदारीत ओळखलं की आपलं काहीतरी बिघडलंय. प्रोसेसर रीसेटला गेला, जोडीदारानं काम उचललं. जोडीदाराकडेही तोच कोड! तोही तसाच पडला. स्विच बंद, काही सेकंदांत पुन्हा चालू, आणि परत येताच त्याचे निरोप त्याच्या शेजाऱ्यांना. ११४ स्विच एकमेकांना असे पाडत राहिले, नऊ तास. त्या काळात निम्म्याच्या आसपास कॉल लागलेच नाहीत.

हार्डवेअर ठणठणीत होतं. बॅटऱ्या भरलेल्या, रॅक भूकंपाला तयार, प्रत्येक गोष्ट दुहेरी. पण चूकही दुहेरीच होती. दोन वेगळ्या यंत्रांवर एकच विचार चालवला तर ती दोन यंत्रं नसतात.

याच सुमारास स्वीडनमध्ये एरिक्सन कंपनीत एक वेगळा विचार रुजत होता. १९८६ पासून जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी एर्लांग ही भाषा घडवली. तिचं तत्त्व असं: चूक होणारच. मग प्रोग्रॅमचे हजारो लहान तुकडे करा, कोणाचीही मेमरी कोणाला दिसू देऊ नका, आणि एखादा तुकडा गडबडला तर त्याला सावरायच्या भानगडीत न पडता मरू द्या. देखरेख करणारा दुसरा तुकडा त्याला नव्यानं जन्माला घालेल. म्हणजे बघा, स्ट्रोजरच्या खडखडाटी एक्स्चेंजचा तो जुना गुण, एक स्विच अडकला तर एकच कॉल जाणं, यांनी सॉफ्टवेअरमध्ये परत आणला. १९९८ च्या एएक्सडी ३०१ या स्विचमध्ये दहा लाखांवर ओळींचं एर्लांग होतं. त्याचा अपटाइम 'नाइन नाइन्स' असल्याचं आर्मस्ट्राँग सांगत. म्हणजे वर्षाला ३१ मिलिसेकंद. हा आकडा मला पटत नाही, थोडक्या यंत्रांच्या थोडक्या दिवसांवरून असलं काही सिद्ध होत नसतं. पण तत्त्व मात्र पटतं. (गंमत म्हणजे त्याच वर्षी एरिक्सनच्या एका विभागानं नव्या कामांसाठी या भाषेवर बंदी घातली, म्हणून ती ओपन सोर्स झाली, आणि पुढे व्हॉट्सअ‍ॅप तिच्यावर उभं राहिलं. म्हणजे सकाळचे ते 'गुड मॉर्निंग'चे फुलांचे फोटोसुद्धा शेवटी टेलिफोन एक्स्चेंजच्याच कृपेनं.)

हार्डवेअरही बदलत होतं. प्रत्येकानं आपापला प्रोसेसर बनवणं परवडेना. मग सन मायक्रोसिस्टिम्सनं 'नेट्रा' नावाचे सर्व्हर आणले. आत साधं सोलॅरिस, पण अंगावर टेलिकॉमचा पोशाख: उणे ४८ व्होल्टची दोन स्वतंत्र इनपुटं, धुळीला जाळी, उथळ पेटी, नेब्सची तिसरी पायरी, आणि 'क्रिटिकल, मेजर, मायनर' असे दिवे. डिसेंबर २००२ मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड टीसीए' हा खुला ब्लेडचा साचा ठरला. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. ब्लेड काढायचा तर मूठ थोडी उघडायची, एक निळा दिवा लुकलुकायला लागतो, म्हणजे 'थांब, आवरतोय'. दिवा स्थिर झाला की खुशाल ओढा. टॉय यांच्या यादीतला माणसांचा ३० टक्के वाटा कमी करायला कोणीतरी एक निळा दिवा लावला! त्याच वर्षी 'कॅरिअर ग्रेड लिनक्स'चेही नियम आले.

मग ऑक्टोबर २०१२ मध्ये जगातल्या तेरा मोठ्या टेलिफोन कंपन्यांनी एक निवेदन काढलं. सारांश असा: हे खास डबे आता पुरेत. आम्हाला साधे, बाजारात मिळणारे सर्व्हर द्या, नेटवर्कची सगळी कामं आम्ही त्यांच्यावर सॉफ्टवेअर म्हणून चालवू. पैशाच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. डबा मेला तर मरू दे, दुसरा आहे. भार आला तो पुन्हा सावरणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणि माणसांवर. म्हणजे त्याच दोन रकान्यांवर.

८ जुलै २०२२, पहाटे पावणेपाच. कॅनडातली रॉजर्स कंपनी आपल्या मुख्य नेटवर्कचं सात टप्प्यांचं अपग्रेड करत होती, सहावा टप्पा चालू होता. राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला. तो फिल्टर रूटिंगच्या माहितीचा लोंढा अडवून धरत होता. तो गेल्यावर सगळा लोंढा मधल्या मुख्य राउटरांवर आला आणि ते कोसळले. लोंढा आला की वेग कमी करायचा, ही ताणापासून बचाव करण्याची सोय त्या राउटरांवर केलेली नव्हती. हूवरबाईंच्या पेटंटाला तेव्हा पन्नास वर्षं उलटून गेली होती.

एक कोटी वीस लाखांहून जास्त ग्राहक, सुमारे २६ तास. मोबाइल आणि घरचं इंटरनेट दोन्ही एकाच मुख्य नेटवर्कवर, त्यामुळे दोन्ही एकदम गेली. देशभरातले डेबिट कार्डचे व्यवहार अडले. आणि ९११? टॉवर चालू होते, त्यामुळे मोबाइलना वाटत होतं आपलं नेटवर्क ठीक आहे, म्हणून ते दुसऱ्या कंपनीच्या टॉवरकडे वळतच नव्हते. ज्यांना अँब्युलन्स हवी होती त्यांतल्या कित्येकांचा फोन मेलेल्या नेटवर्कला चिकटून बसला.

आतली परिस्थिती याहून बिकट होती. नेटवर्क दुरुस्त करायला ज्या वाटेनं आत शिरायचं ती वाटही त्याच नेटवर्कवरून जात होती. लॉग दिसत नव्हते, म्हणून नेमकं कशानं बिघडलं हे कळायलाच चौदा तास गेले. इंजिनिअरांकडे कंपनीचेच मोबाइल आणि कंपनीचंच इंटरनेट. एकमेकांना फोन लावायची सोय नाही. शेवटी दूरदूरच्या ठिकाणी असलेल्या आपल्याच माणसांशी बोलता यावं म्हणून रॉजर्सला त्यांच्याकडे दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डं पाठवावी लागली.